आईची चिंगी, तिचं वजन आणि तूप-पोळी

रानमोगरा
नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे पण इथे श्वानवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. साताऱ्याला आईबाबांकडे चिंगी आहे. तिची आई स्पिट्झ (आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात ती) आणि वडील गल्लीतलेच कोणीतरी, नक्की कोण ते तिच्या आईलाच ठाऊक. वय आठ, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. पूर्वी आठ किलोच्या आत असायची, आता १०.४ भरली. शिवाय हल्ली बेल वाजली किंवा फिरायचा पट्टा काढला की आनंदाने उड्या मारता मारता खोकायला लागते, ठसका लागल्यासारखं. तिथले डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवा, मग पुढचं बघू.

आता खरी गोष्ट. मी तिला ड्राय फूड आणून दिलंय आणि ती ते खातेही. पण आईच्या मते ते खाणंच नव्हे, "ते कोरडं काय गिळणार बिचारी". म्हणून सकाळी चहाबरोबर बिस्किटं, दुपारी तूप-पोळी कुस्करून, चारला बाबांच्या हातची परत बिस्किटं, रात्री दूधभात. आणि एवढं सगळं करून मला फोनवर "हल्ली काही खात नाही गं ती". मी पुण्यात असते, गेले की ओरडते, तेवढ्यापुरतं सगळे ऐकतात, मी निघाले की डबा उघडतो. त्यात आता गौरी-गणपती येताहेत म्हणजे मोदक. आईला कसं समजावू? चिंगीला समजवायची गरज नाही, तिला सगळं समजतं.

तिरकस
ड्राय फूड आईंना द्या आणि तूप-पोळी चिंगीलाच राहू द्या. दोघींचंही वजन जागेवर येईल. (हलके घ्या.)

पावसाळी_बेडूक
वाचतेय. आमच्याकडे सेम, फक्त आईच्या जागी सासूबाई आणि चिंगीच्या जागी पग. सासूबाईंना सांगायची माझी प्राज्ञा नाही.

तांबडा_पांढरा
आमच्या हिकडं मळ्यात कुत्री शिळी भाकरी नि ताक खाऊन म्हातारी व्हायची. कसलं ड्राय फूड नि कसलं काय. देशी रक्त हाय तिच्यात, तिला काय हुतंय. उगं आईला तरास देऊ नका. डॉक्टर लोकांना पण धंदा पायजे की.

वऱ्हाडी_ठेचा
@तांबडा_पांढरा, मळ्यातलं कुत्रं दिवसभर डुकरं हाकलते न बाप्पा. चिंगी दिवसभर काय करते? सोफ्यावरून दारापर्यंत नि दारापासून सोफ्यापर्यंत. भाकरी तेवढीच देसान तर चालंल का?

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, आयडी गुरांचा असला तरी कुत्रीमांजरीही बघतो. न तपासता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगतो.

लहान चणीच्या कुत्र्यांत असा उत्साहात येणारा खोकला दिसला की दोन-तीन शक्यता डोक्यात येतात. एक म्हणजे श्वासनलिका. तिच्या कूर्चेच्या कड्या सैल पडतात आणि जोरात श्वास घेताना नळी चपटी होते, मग बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. पॉम, यॉर्की, चिवावा यांच्यात नेहमीचं आहे आणि त्यांच्या मिश्र पिल्लांतही येतं. दुसरी म्हणजे हृदयाची डावीकडची झडप गळणं, हेही लहान कुत्र्यांचंच म्हातारपणचं दुखणं. आठव्या वर्षी दोन्ही होऊ शकतात, एकाच वेळीसुद्धा. स्टेथोस्कोपने हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा फुसफुस आवाज) ऐकू येते का ते विचारा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या. "आधी वजन मग बघू" यातलं पहिलं अर्ध अगदी बरोबर आहे, दुसऱ्याला मात्र फार उशीर करू नका.

घरी एक काम आजपासून करा. ती गाढ झोपली की छाती वरखाली होते ते एक मिनिट मोजा. शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवं. रोज त्याच्या वर जायला लागलं तर थांबू नका. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या किंवा खोकून कोसळली तर रात्रीसुद्धा न्या.

आणि गळपट्टा आजच काढा, छातीचा हार्नेस घ्या. पट्टा ओढला की नेमका त्याच नळीवर दाब येतो.

मधाचं_बोट
खोकल्यासाठी लहान मुलांचं सिरप अर्धा चमचा देऊन बघा, आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला बरं वाटलं होतं.

गुरांचा_डॉक्टर
@मधाचं_बोट, कृपया नको. त्या सिरपांत पॅरासिटामॉल असू शकतं, साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं. झायलिटॉलने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही जाऊ शकतं. आयब्युप्रोफेनची गोळी तर लहान कुत्र्याला पोटात अल्सर नि किडनी दोन्हीचा त्रास देते. माणसांच्या कपाटातलं काहीही विचारल्याशिवाय नाही.

मधाचं_बोट
बरं. नाही सुचवणार.

हिशेबी_काका
मला कुत्र्यांतलं फार कळत नाही पण आकड्यांतलं कळतं. नियम असा आहे म्हणे: वजनाचा पाऊण घात काढायचा आणि ७० ने गुणायचं, म्हणजे आराम करणाऱ्या कुत्र्याच्या दिवसाच्या कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर आत्ताचं नाही, जे हवंय ते वजन धरायचं. ८ किलोला ते साधारण ३३३ येतं. डॉक्टरसाहेब चूक असेल तर सांगा.

आता आईंच्या ताटाकडे वळू. एक पोळी आणि वर चमचाभर तूप म्हणजे दीडशेच्या आसपास. एक पार्ले-जी वीस-पंचवीस. सकाळी चार, चारला चार धरली तर बिस्किटांचेच जवळपास दोनशे झाले. म्हणजे दोन पोळ्या किंवा नुसती बिस्किटं आणि एक पोळी, यात चिंगीचा दिवस संपला. दूधभात आणि ड्राय फूड दोन्ही फुकटात.

तिरकस
हिशेबी काका माझ्या डब्याचा हिशेब काढू नका प्लीज.

गुरांचा_डॉक्टर
हिशेब बरोबर आहे, सुरुवातीला एवढंच धरतात आणि मग वजन बघून कमीजास्त करतात. फक्त एकदम तोडू नका. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तरी पुरे, म्हणजे चिंगीला शंभर ते दोनशे ग्रॅम. अडीच किलोला काही महिने लागणारच. उपाशी ठेवून घाई करायची नाही. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, वजन वाढण्यामागे कधी तेही असतं. आणि पाणी खूप पिते का, पोट लोंबतं का, केस विरळ झालेत का हे बघा, तसं असेल तर कुशिंग्स (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) डोक्यात घ्यावं लागतं.

सुगरण_पण_आळशी
नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून. आई परंपरा चालवतेय, तिला का बोलता.

वऱ्हाडी_ठेचा
नामदेवांच्या कुत्र्याला कोणी काट्यावर उभं केलं नव्हतं न. आणि भाकरी त्यानं पळवून नेली होती, म्हणजे व्यायाम पण झाला.

रानमोगरा
हाहा. डॉक्टर आणि काका, मनापासून आभार. श्वास मोजायला बाबांना सांगितलं, ते खुश आहेत, घड्याळ घेऊन बसलेत. २२ ते २४ येतंय. हार्नेस मागवला. पण मूळ प्रश्न राहिलाच, आई. तिला कॅलरी वगैरे सांगितल्या तर म्हणाली "मुक्या जीवाच्या तोंडातला घास मोजू नये". आता यावर काय बोलायचं? शिवाय घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, म्हणजे चिकन-भात वगैरे पर्याय बाद. आणि चिंगी संकष्टीला आईबरोबर साबुदाण्याची खिचडी खाते.

पावसाळी_बेडूक
चंद्रोदयापर्यंत थांबते का?

रानमोगरा
नाही, तिचा उपास दिवसभर फराळ करायचा.

शेपटीवाली
रानमोगरा, थोडं मोठं लिहितेय. माझ्याकडे असाच मिक्स आहे, कल्याणला, पावसात बिल्डिंगखाली सापडलेला. वडील गेल्यानंतर आईला मी इकडे आणलं आणि सहा महिन्यांत कुत्रा गोल झाला. मीही तुझ्यासारखंच फोनवरून, ऑफिसातून सूचना देत बसायचे. काहीही उपयोग नाही. कारण दिवसभर घरात त्या दोघांचंच चालतं, आणि देणं ही एकच गोष्ट आईच्या हातात उरली होती. ती पण काढून घेतली तर ती काय करणार?

मग आम्ही उलटं केलं. खायला घालायचं काम पूर्णच आईकडे दिलं. सकाळी तिने स्टीलचा एक डबा भरायचा, त्यात दिवसभराचं सगळं, ड्राय फूड मोजून. दिवसभरात तिला द्यावंसं वाटलं तर द्यायचं, हवं तितक्या वेळा, पण त्या डब्यातूनच. डबा रिकामा झाला की दुकान बंद. आता ती एकेक दाणा हाताने भरवते आणि कुत्र्याला वाटतं दिवसभर जेवण चालू आहे. वही पण तिच्याकडेच, रविवारी वजन तीच लिहिते. वजन वाढलं की आता तीच मला ओरडते, "तू काल चीज दिलंस ना".

बारामतीकर
+१. सगळ्या धाग्यात कामाचा प्रतिसाद.

सुगरण_पण_आळशी
डबा आवडला. वरून हौस म्हणून द्यायचं तर काकडी, गाजर, उकडलेली फरसबी, लाल भोपळा, सफरचंद बिया काढून. आमची फरसबीवर जीव टाकते. भाजीत घालून नाही हां, फोडणीत कांदा-लसूण येतो आणि तो त्यांना चालतच नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात म्हणतात. मनुका आणि द्राक्षं तर अजिबात नको, किडनी जाते. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुका पण बघून घ्या.

गुरांचा_डॉक्टर
बरोबर. शिरा तर मनुका काढूनही नकोच. शाकाहाराचं म्हणाल तर कुत्रं मांजरासारखं काटेकोर मांसाहारी नसतं, नीट तयार केलेल्या शाकाहारी फीडवर राहू शकतं. पण नुसतं दूधभात, वरणभात, पोळी म्हणजे समतोल आहार नव्हे, प्रथिनं नि कॅल्शियम कमी पडतं आणि पिठूळच जास्त जातं. पिल्लूपण संपलेल्या कुत्र्यांना दूधही बऱ्याचदा पचत नाही. थोडं ताक किंवा दही चालेल, तेही डब्याच्या हिशेबात.

तांबडा_पांढरा
मटणाची नळी तर चालती का नाय? आमचा वाघ्या चावून भुगा करतो.

गुरांचा_डॉक्टर
शिजवलेलं हाड नको. शिजल्यावर ठिसूळ होतं, तुकडे टोकदार निघतात आणि आतड्यात अडकतात. असे पेशंट दर रविवारनंतर सोमवारी येतात.

नवी_मुंबईकर
अवांतर विचारते. ८ किलोच्या कुत्र्याचं वजन घरी कसं करता? आमचा काट्यावर उभाच राहत नाही.

हिशेबी_काका
त्याला कडेवर घेऊन तुम्ही उभं राहा, मग एकट्या उभं राहा, वजाबाकी करा. फक्त बायकोने काट्याकडे बघू नये.

बारामतीकर
बाथरूमचा काटा शंभर ग्रॅमचा फरक नीट दाखवेलच असं नाही. आम्ही वाण्याकडे पोत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करतो, खाली पेपर टाकून. वाणी ओळखीचा पाहिजे. आणि आकड्यापेक्षा हात फिरवून बघा, फासळ्या न दाबता बोटाला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे.

रानमोगरा
अपडेट. गणपती झाल्यावर चिंगीला पुण्याला आणलं आणि एक्स-रे, रक्त सगळं केलं. हृदय ठीक, मर्मर नाही. थायरॉइड ठीक. श्वासनलिका मानेच्या खालच्या भागात अरुंद दिसतेय, पण अजून सौम्य म्हणाले. सध्या औषध जुजबी, मुख्य उपाय वजन, हार्नेस, धूप-उदबत्तीचा धूर कमी आणि दुपारच्या उकाड्यात फिरवायचं नाही. दातांवर कीट बरंच आहे, वजन थोडं उतरलं की भूल देऊन साफ करू म्हणाले. आई शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी तिला फिल्मवर नळी दाखवली, तेव्हापासून गप्प आहे.

आता एक राग. माझ्या सोसायटीत वॉचमनने चिंगीला लिफ्टमधून न्यायचं नाही म्हणून अडवलं, कमिटीची सूचना आहे म्हणे. चौथा मजला. दम लागणारं कुत्रं आणि गुडघ्याची आई, दोघींनी जिन्याने जायचं?

भटकभवानी
पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक काढून कमिटीला द्या. त्यात स्पष्ट आहे, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, ठराव बहुमताने केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. उलट कुत्रेवाल्यांनीही पट्टा लावावा, घाण उचलावी असं त्यातच सांगितलंय.

लिफ्टमधला_माणूस
दुसरी बाजू पण ऐका. माझ्या मुलीला लहानपणी कुत्रा चावलाय, ती लिफ्टमध्ये कुत्रा दिसला की घामाघूम होते. आमच्याकडे एक काका दार उघडल्यावर "काही करत नाही तो" एवढंच म्हणतात आणि तो डायरेक्ट अंगावर. पार्किंगमधली शी तर कोणाचीच नसते. परिपत्रक दाखवा हो, पण ते शेवटचं वाक्य कुत्रेवाले वाचत नाहीत.

भटकभवानी
मान्य आहे. कोणी आत असेल तर मी पुढच्या लिफ्टची वाट बघते. पिशवी खिशात असतेच.

शेपटीवाली
मुलीला चावलं होतं तेव्हा इंजेक्शनं पूर्ण केली होती ना? पाळीव असो वा रस्त्यावरचं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर. लोक हळद लावून बसतात.

लिफ्टमधला_माणूस
हो, सगळी पूर्ण केली. धन्यवाद.

जुना_परळकर
एक्स-रेवरून आठवलं. आमच्या लहानपणी मुंबईत कुत्रं आजारी पडलं की एकच पत्ता, परळचं बैलघोडा. बाई साकरबाईंच्या नावाचं ते हॉस्पिटल १८८० च्या दशकातलं, आधी टांग्याचे घोडे नि ट्राम ओढणारे घोडे, बैल यांच्यासाठी, म्हणून ते नाव पडलं. आमच्या मोतीला तिथे टॅक्सीतून न्यायचो, टॅक्सीवाला आधी नाही म्हणायचा आणि मग मोतीशी गप्पा मारायचा.

तिरकस
आता काका ट्रामवर जाणार. चिंगी बाजूला पडली.

नवी_मुंबईकर
आम्हाला डिसेंबरात कुत्र्याला घेऊन नागपूरला जायचंय, रेल्वेत नेता येतं का? चिंगी माफ कर.

भटकभवानी
फर्स्ट एसीत नेता येतं, पण दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची अख्खी केबिन तुमच्याच नावावर हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, पार्सल ऑफिसमधून बुकिंग. लसीकरणाचं कार्ड जवळ ठेवा. पेटीत तुमच्यासारख्या लाडावलेल्याला घालू नका, आवाजाने अर्धमेला होतो.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरले आले की कळवा. तर्री-पोहे माणसाले, कुत्र्याले नाही.

पावसाळी_बेडूक
@शेपटीवाली, तुमचा डबा प्रयोग सासूबाईंवर केला. त्यांनी पहिल्या दिवशी डब्यात चिवडा भरला. पण वही आवडलीय, त्यात पगचं वजन आणि शेजारच्या पानावर त्यांचं बीपी लिहितात. बघू.

सुगरण_पण_आळशी
रानमोगरा, पितृपक्ष गेला तो कसा गेला? श्राद्धाच्या पानातला एक घास कुत्र्याचाही असतो ना, मला तेव्हापासून चिंगीचीच आठवण येत होती.

रानमोगरा
अगं तेच लिहायला आले. आजोबांच्या तिथीला आईने कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं, आणि कुत्र्याचा घास घेऊन ती चिंगीकडे न जाता कोपऱ्यावरच्या काळूकडे गेली! मला बाबांनी फोन करून सांगितलं, चिंगी दारात बसून बघत होती आणि भुंकून घर डोक्यावर घेतलं म्हणे. आईचं म्हणणं, "हिचा डबा झालाय आजचा".

डबा आईने स्वतःच सुरू केला, मी फक्त शेपटीवालीचा प्रतिसाद वाचून दाखवला. ड्राय फूड मोजायला वरणाची वाटी ठरवलीय, काट्यावर एकदा तोलून खूण केली. बिस्किटं बंद झाली असं मी म्हणणार नाही, बाबांचा चारचा चहा अजून संशयास्पद आहे, पण आता एका बिस्किटाचे चार तुकडे होतात आणि ते चार वेळा मोजले जातात. वजन ९.९. खोकला बेल वाजली की अजून येतो, फिरायला जाताना कमी झालाय. आईने बेलच काढून टाकायचं ठरवलंय, आता लोकांनी कडी वाजवायची.

हिशेबी_काका
१०.४ वरून ९.९. उत्तम, टक्केवारीत बसतंय. घाई नको.

गुरांचा_डॉक्टर
छान. खाणं आता आहे तेवढंच ठेवा. तीन-चार आठवडे काटा हलला नाही तरच दहा टक्के कमी करा. दातांचं विसरू नका, मधल्या काळात कुत्र्यांच्या पेस्टने ब्रश करा, आपली पेस्ट नको.

मधाचं_बोट
माझ्या बहिणीच्या कुत्र्याचं नख वाढून वळलंय, कापायला देत नाही. दिवाळीत फटाक्यांनी पण फार घाबरतो. काय करावं?

बारामतीकर
नखं फिरवून आणल्यावर दमलेला असताना, दिवसाला एकच, टोकाचं थोडंसं, आतली गुलाबी शीर सोडून. फटाक्यांसाठी वेगळा धागा काढा हो, तो शंभर प्रतिसादांचा विषय आहे आणि डॉक्टरकडे आत्ताच जा, ऐन लक्ष्मीपूजनाला नाही.

तांबडा_पांढरा
आमच्या वाघ्याला पण वाण्याच्या काट्यावर घातला. २३ किलो. वाणी म्हणला ह्याचा भाव काय लावू. चिंगीला सांगा, कोल्हापुरातनं शाबासकी.

रानमोगरा
सांगते. पुढचं वजन कोजागिरीनंतर टाकेन. त्या रात्री गच्चीवर मसाला दूध आहे आणि कॉलनीतले सगळे येणार, आईने आत्ताच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय की चिंगीला कोणी काही दिलं तर त्याच्या घरचा डबा आपण तपासू.